मदत हवी: उकळलेल्या बोअरच्या पाण्यातला चुना नीट गाळायचा कशाने?

2024 मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरातल्या संशोधकांनी दाखवलं, की जड (म्हणजे क्षार जास्त असलेलं, हार्ड) पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला चुना साका होऊन सुटा होतो आणि सूक्ष्म प्लास्टिकचे कण स्वतःत अडकवून घेतो. लिटरला 300 मिलिग्रॅम हार्डनेस असलेल्या पाण्यातून 90 टक्क्यांपर्यंत कण निघाले, मऊ पाण्यातून मात्र 25 टक्क्यांच्या आसपासच. पण अट एकच: तो साका गाळून काढायला हवा. माझं सगळं तिथेच अडलंय.

आमच्याकडे बोअरचं पाणी. लॅब रिपोर्टप्रमाणे हार्डनेस 420. घरात लहान बाळ आहे, त्यामुळे पिण्याचं पाणी उकळतोच. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तो ठीक. त्रास वरच्या तवंगाचा आहे. पाणी निवलं की दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा तरंगतो आणि हात लागताच त्याचे कण होतात. दुहेरी सुती फडक्यातून हे कण आरपार जातात. रात्रभर निवत ठेवून वरचं पाणी हलक्या हाताने ओतून पाहिलं, तर तवंगच आधी भांड्यात येतो. कॅन्डलच्या फिल्टरमध्ये ओतलं, तर कॅन्डल चोंदते.

आरओ सुचवू नका. उन्हाळ्यात बोअर आटतं, वाया जाणारं पाणी परवडत नाही. रोज साधारण दहा लिटर लागतं.

कॉफीचा कागदी फिल्टर किंवा लॅबचा फिल्टर पेपर एवढ्या पाण्याला कोणी रोज वापरतं का? आणि गाळायचं गरम असताना की पूर्ण निवल्यावर?