मदत हवी आहे: संगीत नाटकाच्या पोस्टरवर जोडाक्षरं तुटतात

मंडळी, यंदा जत्रेला आम्ही 'संगीत सौभद्र' करतोय, अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं. देवळाच्या फलकावर आणि फोंड्याच्या बसस्टँडजवळ ए-थ्री पोस्टरं लावायची आहेत. नमुना हातात आला आणि जीव हळहळला. जांभळ्यावर लाल अक्षरं, त्यांना सोनेरी कडा, खाली देणगीदारांचे तेरा पासपोर्ट फोटो. त्या गर्दीत सुभद्रा अंगठ्याएवढी! त्याहून वाईट म्हणजे 'सौभद्र'मधला 'द्र' फुटलाय, पाय मोडलेला द आणि शेजारी सुटा र. नांदीने सुरू होणाऱ्या नाटकाचं नावच अशुद्ध छापलेलं मला बघवत नाही.

'मुक्ता' आणि 'यात्रा वन' हे दोन्ही फाँट लावून पाहिले, अक्षर तसंच तुटतं. म्हणजे दोष फाँटचा नसावा. फाईल जुन्या फोटोशॉपमधली आहे, माझ्याकडे उघडते. देणगीदारांचे फोटो वगळायला समिती तयार आहे, नावं मात्र ठेवावीच लागतील. नवा डिझायनर परवडणार नाही, छपाई सोमवारी.

जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं नीट यायला नेमकं कुठलं सेटिंग बदलायचं? आणि स्कूटरवरून जाणाऱ्यालाही नाव वाचता यावं, तर कागदाचा किती भाग शीर्षकाला द्यावा?