एलिव्हेटरला टीओएन नको, टीओएफ द्या

भाऊ, फीडर (डाळ पुढे सोडणारं यंत्र) बंद केला की एलिव्हेटरही (बकेटांतून डाळ वर नेणारं यंत्र) लगेच थांबतो आणि बकेटांत डाळ अडकते, असं तुम्ही लिहिलंय. पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) टीओएन, म्हणजे उशिरा चालू करणारा टायमर, लावल्यावर असंच होणार. त्याचं इनपुट गेलं की आउटपुटही गेलं. टीओएफ, म्हणजे उशिरा बंद करणारा टायमर घ्या; फीडर चालू तोवर आउटपुट चालू, बंद झाल्यावरच मोजणी सुरू.

वेळ अंदाजाने टाकू नका. शेवटचा दाणा वर पडेपर्यंतचे सेकंद मोजा, थोडे वाढवा. तुमच्या एस७-२०० पीएलसीत टी३७ या टायमरचा बेस (मोजणीचं एक पाऊल) १०० मिलिसेकंद, म्हणून पीटी (किती पावलं मोजायची तो आकडा) ३०० म्हणजे ३० सेकंद. तेच ३०० टी३३ ला दिले तर फक्त ३ सेकंद, कारण त्याचा बेस १० मिलिसेकंद. घोळ इथेच होतो.

आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात लाइट मध्येच जाते. परत आल्यावर टीओएफ आपोआप मोजायला लागत नाही, त्याला इनपुट चालू होऊन बंद व्हावं लागतं. भरलेला एलिव्हेटर रिकामा करायला वेगळं पुश बटण ठेवाच.

आणि इमर्जन्सी स्टॉप प्रोग्राममध्ये फक्त फीडरच्या ओळीत (रंग, rung) टाकू नका, नाहीतर माणसाचा हात अडकलेला असताना एलिव्हेटर ३० सेकंद फिरत राहील. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा सप्लाय थेट वायरिंगनेच तुटला पाहिजे.