आईच्या दोन्ही मनगटांवर पट्टे: केअर सेंटरचं म्हणणं मानू का?

नाशिकची_लेक

माझी आई ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिचा विसरभोळेपणा फार वाढला. मी नाशिकला, नोकरी आहे, घरी सासूबाईंचं डायलिसिस. भाऊ दुबईत. सहा महिन्यांपूर्वी नाइलाजाने तिला पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. महिन्याला ३२ हजार, डायपर आणि औषधं वेगळी. दर दुसऱ्या रविवारी मी जाते.

गेल्या रविवारी तिचे केस विंचरत होते. गाऊनची बाही वर सरकली तर दोन्ही मनगटांवर, बांगड्या असतात त्याच्या जरा वर, लालसर-जांभळे पट्टे. दोन बोटं रुंद, दोन्हीकडे सारखेच. इनचार्ज बाई म्हणाल्या, "आजी कॉटच्या कठड्यावर हात आपटतात, त्यात रक्त पातळ व्हायची गोळी चालू, लगेच काळंनिळं होतं." गोळी चालू आहे, हे खरं. पण तेवढ्यात तिथल्या कामवाल्या मावशी चहा घेऊन आत आल्या आणि आईने दोन्ही हात झटकन चादरीखाली घेतले. माझं नाव तिला कधी कधी आठवत नाही. हात लपवायचे, हे मात्र तिला कळलं.

आणखी एक. दुपारी कधीही गेलं तरी ती झोपलेलीच. जीभ कोरडी, उशाशी पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. भाऊ म्हणतो, वाद घालू नकोस, आपण निघून येऊ आणि तिकडे तिलाच भोगावं लागेल. मलाही रात्रभर तीच भीती वाटते. मी उगाच संशय घेतेय का?

निवृत्त_सिस्टर

ताई, उगाच नाही. ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीने डाग पडतात, पण ते कोपरापासून पंज्यापर्यंत कुठेही, वेडेवाकडे, एक इथे एक तिथे. कठड्यावर आपटल्याचे व्रण मनगटाभोवती गोल फिरत नाहीत आणि दोन्ही हातांना एकसारखे तर नाहीच नाही. हात बांधल्याची ही खूण आहे. मी स्वतः आयसीयूत पेशंटचे हात बांधले आहेत, नळ्या ओढून काढतात म्हणून. पण तेव्हा डॉक्टरांचा लेखी आदेश असायचा, खाली कापसाची गादी घालायची, थोड्या थोड्या वेळाने सोडून बोटं गार पडली नाहीत ना बघायचं, आणि नातेवाइकांना आधी सांगायचं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नसेल, तर ती शुश्रूषा नव्हे.

पुढच्या वेळी न कळवता जा. संध्याकाळी पावणेआठला, जेवणं उरकायच्या वेळेला. अंग पुसायच्या निमित्ताने आईला कुशीवर वळवा आणि माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल दिसेल तिथे बोट दाबून सोडा. दाबल्यावर लाली पांढरी पडली नाही, तर बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय असं समजा. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे आहेत का, तेही बघा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

औषधांचा चार्ट मागा. हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन, लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी काही आहे का? कोणी लिहून दिलं, कोणत्या तारखेला? डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांमध्ये पहिल्या दोन औषधांच्या जातीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. आजीने शांत पडून राहावं म्हणून त्या द्यायच्या नसतात. मात्र तुम्ही स्वतःहून काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

"तुला कोणी मारलं का?" असं आईला विचारू नका, घाबरेल. "रात्री पाणी कोण देतं गं?" एवढंच विचारा आणि चेहऱ्याकडे बघा.

रात्रपाळीवालीचा_मुलगा

माझी आई अशाच एका ठिकाणी रात्रपाळीला आहे. बारा तास, अठरा आज्या, ती एकटी. कोणी पडलं तर तिच्या पगारातून कापतात. बांधायला तिला वरून सांगतात, लेखी कधीच देत नाहीत. ती घरी येऊन जेवत नाही त्या दिवशी. ताई, तुमच्या आईचे हात सुटलेच पाहिजेत, पण मावशीवर ओरडून थांबू नका. रात्री किती जणांमागे किती माणसं, हे मालकाला लेखी विचारा.

कोर्टकचेरी_पुणे

बरेच जण सांगतील, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे जा. तिथे मुख्यतः मुला-नातेवाइकांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्यासाठी पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेत कलम ११५ दुखापतीचं, १२७ बेकायदा अडवून-कोंडून ठेवण्याचं. आणि ३५७ फारसं कोणाला माहीत नसतं: असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हा गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे भरल्याच्या पावत्या जपा, ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. त्याच क्षणी धोका असेल तर ११२.

भावाची भीती खरी आहे. म्हणून आधी आईला बाहेर काढा, तक्रार नंतर.

नाशिकची_लेक

बुधवारी मामेबहिणीला घेऊन पावणेआठला गेले. उजवा हात क्रेप बँडेजने कठड्याला बांधलेला होता, गाठ पलंगाखालच्या बाजूला. माझ्याने ती सुटेना, बहिणीने दातांनी सोडवली. डावी टाच लाल, दाबून पांढरी होत नाही. चार्टवर तीन महिन्यांपासून क्वेटियापिन, डॉक्टरची सही कुठेच नाही.

त्याच रात्री रुग्णालयात नेलं. त्यांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल केस, नोंदवली. आता आई बहिणीकडे चिंचवडला आहे. पहिल्या रात्री सलग तीन पेले पाणी प्यायली. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. सिस्टर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

शेजारच्या कॉटवरच्या आजींचेही हात बांधलेले होते. निघताना त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरच्यांचा नंबर माझ्याकडे नाही. तक्रारीत त्यांचा कॉट नंबर लिहिलाय. अजून काय करू?

निवृत्त_सिस्टर

१४५६७ ला त्यांच्यासाठी वेगळा फोन करा, आज संध्याकाळी ८ च्या आत. नातं विचारलं तर सांगा, शेजारच्या कॉटवरची लेक.