तिकडचे ४० आणि आपले ४५

(फॅमिली ग्रुप: भुसावळ, जळगाव, चोपडा, पुणे आणि इंग्लंडमधलं पीटरबरो)

सोमवार, १८ जुलै २०२२

ताई (पीटरबरो): आई जेवणं झाली का. इथे फार गरम होतंय गं, उद्या ४० सांगितलंय. हवामान खात्याने रेड वॉर्निंग दिलीय, उन्हासाठी अशी लाल वॉर्निंग या देशात आजवर कधी दिलीच नव्हती, शुक्रवारीच जाहीर केली आज आणि उद्यासाठी. छोटी रात्रभर झोपली नाही. वरच्या खोलीत पाय ठेववत नाही

दादा (पुणे): ४० ना. आपल्याकडे मे मध्ये ४५ ला लग्नाच्या पंगती उठतात. टेन्शन घेऊ नको, पंखा फुल कर आणि पन्हं कर

ताई (पीटरबरो): दादा छताला पंखाच नाही रे, इथे कुठल्याच घरात नसतो. टेबलफॅन आणायला हे तीन दुकानं फिरले, सगळीकडे संपलेत. आणि घर बांधलंय थंडीसाठी, भिंतीत आणि माळ्यावर इन्सुलेशन म्हणजे समज गोधड्या कोंबल्यात, खाली सगळीकडे कार्पेट, बाहेरून शटर नाही, खिडकीवर छज्जा नाही, काचेतून ऊन सरळ आत. एकदा आत आलेली उष्णता बाहेर निघतच नाही. त्यात दिवस केवढा, पहाटे पाचला उजाडतं ते रात्री सव्वानऊला सूर्य मावळतो. घर गार व्हायला रात्र उरतेच किती सांग

दादा (पुणे): हे माहीत नव्हतं. सॉरी. छोटी कशी आहे आत्ता

आई: बाप्पा! सोळा तास ऊन. इथे तर पाऊस चालू आहे आणि मी तुला पावसाचे फोटो पाठवू राह्यले

नाना: जावईबापू उद्या लंडनला जाणार आहेत का? जाऊ देऊ नको. मी ३१ वर्षं रुळावर काढली, सांगतो ऐक. लांब वेल्डिंग केलेला रूळ टाकताना एका ठराविक तापमानाला ताण शून्य करून बांधतात, आम्ही त्याला डी-स्ट्रेसिंग म्हणायचो. तिकडे तो आकडा २७ डिग्री आहे, कारण त्यांना हिवाळ्यात रूळ आखडून तुटण्याची पण भीती. आपल्याकडे बराच वर धरतात. आता हवा ४० म्हणजे उन्हातला रूळ त्याच्यापेक्षा वीसेक डिग्रीने जास्त तापू शकतो, म्हणजे ६० कडे. २७ ला बांधलेला रूळ ६० ला गेला की लोखंड लांबायला बघतं, जागा नसते, मग आडवं फेकतं, साप पडल्यासारखा दिसतो रूळ. म्हणून गाड्या हळू चालवतात नाहीतर बंद ठेवतात. त्यांची इंजिनीअरिंग कमी नाही, त्यांनी त्यांच्या हवेसाठी बांधलंय. मे महिन्यात भर बारा वाजता आमचे गँगमन चालत पेट्रोलिंग करायचे, डोक्याला ओला टॉवेल आणि खांद्यावर पाण्याची पिशवी, ते कोणी लिहीत नाही कुठे

ताई (पीटरबरो): नाना अगदी तेच, उद्या लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनची गाडीच बंद आहे. काही ठिकाणी रुळाला पांढरा रंग मारतात म्हणे. आज ल्यूटन विमानतळाची धावपट्टी उन्हाने फुगली म्हणून थोडा वेळ विमानं थांबवली होती

नाना: पांढऱ्या रंगाने फरक पडतो, पाच-दहा डिग्री उतरतो रूळ

काकू (जळगाव): ड्युटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. छोटी सात महिन्यांची ना, तिला अंगावर जास्त वेळा पाज, मधून चमच्याने थोडं पाणी. साखरपाणी वगैरे नको. बाबागाडीवर सावलीसाठी कापड अजिबात टाकायचं नाही, आत हवा कोंडते आणि मूल जास्त तापतं. मोठ्यांचं सांगते. डोकं दुखतंय, मळमळ, भरपूर घाम, पायात गोळे, असं झालं तर गार जागी आडवं कर, ओलं फडकं मानेवर आणि काखेत, पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलंच पाहिजे. नाही वाटलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल असं गरम, तर थेट ॲम्ब्युलन्स. सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही

ताई (पीटरबरो): ९९९ आहे इथे. साधी विचारपूस १११ वर

आई: माईने व्हॉइस मेसेज केला होता तुला ऐकू आला नाही ना, मी टाईप करते. माई म्हणते, "सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्या खिडक्या लावून घे माय, पडदे ओढ, रात्री बाहेर गार झालं की सगळं उघड. पण नुसता काचेच्या आतून पडदा पुरत नाही, ऊन आत आलंच ना, बाहेरून पांढरी चादर पण बांध. आपलं धाब्याचं घर होतं तेव्हा मी दुपारी आत अंधार करायची, हातभर जाडीची मातीची भिंत, दार बंद, जमिनीवर पाणी शिंपायचं, आणि संध्याकाळी सगळे अंगणात बाजा टाकून. लोकं म्हणायची ही बाई दिवसा घर बंद करून बसते. आणि खाली झोपा, माडीवर झोपू नका."

ताई (पीटरबरो): माई बरोबर सांगतेय, इथे सगळे उलट करतायत, गरम होतंय म्हणून दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघड्या

काकू (जळगाव): ओली चादर पण लाव खिडकीत संध्याकाळी. हवा कोरडी असेल तर काम करतं. आपला कूलर एप्रिल-मेत मस्त गार करतो आणि जूनमध्ये ढग आले की नुसती चिकचिक, तसंच. आणि फॅन मिळाला तर नुसता लावू नको, हवाच ३५ च्या वर गेली की तो भट्टीचं वारं अंगावर मारतो, आधी हातपाय ओले करायचे मग फॅनसमोर बसायचं

मोठी आत्या (चोपडा): कांदा ठेव खिशात

काकू (जळगाव): ठेवू द्या आत्या, पण पाणी जास्त महत्त्वाचं आहे, कांद्याच्या भरवशावर कोणी उन्हात जायला नको

मोठी आत्या (चोपडा): ते खरंय. ताई तुझ्या शेजारी त्या म्हाताऱ्या बाई राहतात ना एकट्या, मागच्या वर्षी फोटोत होत्या

ताई (पीटरबरो): हो, ८४ वर्षांच्या. काल कुंपणावरून विचारलं तर म्हणाल्या आय ॲम फाइन. इथे असं उठून कोणाचं दार वाजवत नाहीत आत्या, त्यांना राग आला तर

मोठी आत्या (चोपडा): मी हे कधी लिहिलं नाही ग्रुपवर. आज लिहिते. आपले अण्णा शेतात गेले म्हणून नाही गेले. सगळ्यांना तेच वाटतं की उन्हात काम करत होते. ते लग्नाहून आले दुपारी, पत्र्याच्या खोलीत पडले, मी पाणी घेऊन गेले तर म्हणे काही नाही गं बेटा, थकलो फक्त. संध्याकाळी बघितलं तर झोपलेले, आम्ही सगळे म्हटलो झोपू द्या, उठवू नका, दमलेत. पत्रा रात्री दहापर्यंत तापलेला असतो हे आम्हाला माहीत नव्हतं का, माहीत होतं. तरी कोणी हात लावून पाहिलं नाही. रात्री अकराला माईने कपाळाला हात लावला तर अंग कोरडं आणि विस्तव. घाम नाही. तू चौथीत होतीस. ते झोपलेले नव्हते ताई, शुद्धीतच नव्हते. मला आजही कोणी झोपू द्या म्हटलं की धडकी भरते. तू जा आणि दार वाजव. राग आला तर येऊ दे

नाना: आक्का

आई: माई शेजारी बसली आहे, तिने ऐकलं. म्हणते बरं केलं लिहिलंस

ताई (पीटरबरो): जाते. उद्या सकाळीच नाही, आत्ताच जाते

मंगळवार, १९ जुलै

ताई (पीटरबरो): काल गेले होते. दार उघडायला दहा मिनिटं लागली, मी परत फिरणारच होते. अंगात स्वेटरसारखं काहीतरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून होत्या, सगळ्या खिडक्या उघड्या, दिवसभरात दोन कप चहा फक्त. पाय सुजलेले. बीपीची आणि लघवीची गोळी चालू आहे, मी १११ ला फोन लावून दिला, त्यांनी गोळ्या मनाने बंद करू नका म्हणून सांगितलं आणि काय बघायचं ते समजावलं. मग हात धरून आमच्याकडे आणलं. खालची मागची खोली उत्तरेची आहे, तिथे बाहेरून चादर बांधली होती माईने सांगितलं तसं. बादलीत पाय सोडून बसवलं. आधी नको नको म्हणत होत्या, मग छोटीचे पाय पण त्याच बादलीत

आई: फोटो पाठव

ताई (पीटरबरो): पाठवते. त्यांनी विचारलं हे कुठे शिकलीस, म्हटलं भुसावळला

दादा (पुणे): न्यूज बघतोय. हीथ्रोला ४०.२ झालं म्हणे, पहिल्यांदाच ४० ओलांडलं

नाना: आधीचं रेकॉर्ड काय होतं

दादा (पुणे): २०१९ ला केंब्रिजला ३८.७

ताई (पीटरबरो): आता कॉनिंग्सबीला ४०.३. ते लिंकनशरमध्ये आहे, आमच्यापासून लांब नाही. बाहेर अगदी आपल्या मे मधल्या दुपारी चारसारखं वाटतंय, रस्त्यावर कुत्रं नाही, फक्त इथे निंबाचं झाड नाही कुठे. लॉन सगळं पिवळं पडलंय. लंडनच्या बाजूला वेनिंग्टन म्हणून गाव आहे तिथे वाळलेल्या गवताची आग पसरून घरं जळतायत, टीव्हीवर दाखवतायत, बघवत नाही. शेजारच्या आजी टीव्हीसमोरून उठत नाहीत

काकू (जळगाव): टीव्ही बंद कर आणि पाणी दे त्यांना. लघवी झाली का विचार, रंग कसा आहे ते पण. लाजू नको

ताई (पीटरबरो): विचारलं काकू. ठीक आहे. मीठ-साखरपाणी दिलं, लिटरला सहा चमचे साखर अर्धा चमचा मीठ, कैरी काही मिळाली नाही

काकू (जळगाव): एकदम बरोबर. बीपी आहे तर ते थोडंच दे, बाकी साधं पाणी. रात्री एकदा उठून बघ. नुसतं डोकावून नाही, हाक मारून उत्तर घे

ताई (पीटरबरो): दोनदा उठले. दुसऱ्यांदा मला म्हणाल्या तू झोप आता

आत्या झोपलात का

मोठी आत्या (चोपडा): जागीच आहे

बुधवार, २० जुलै

ताई (पीटरबरो): आज उतरलं, गार वारं सुटलंय. आजी त्यांच्या घरी गेल्या. लंडनच्या अग्निशमन दलाला काल दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात बिझी दिवस गेला म्हणे. छोटी सलग पाच तास झोपली

आई: देवापाशी दिवा लावला

१४ मे २०२३

ताई (पीटरबरो): भुसावळ ४५ च्या वर दाखवतंय. सगळे ठीक ना. एक सांगायचं होतं. मागच्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या पाच लाटांत इंग्लंडमध्ये ६५ च्या वरची जवळजवळ २८०० माणसं नेहमीपेक्षा जास्त गेली, कोविडचे सोडून, तो आकडा ऑक्टोबरमध्ये आला होता. मी तेव्हा मुद्दाम टाकला नाही ग्रुपवर. आज भुसावळचा आकडा पाहिल्यावर राहवलं नाही. गल्लीच्या टोकाच्या मावशी एकट्याच असतात ना, मुलगा सुरतला. पत्र्याचंच घर आहे त्यांचं. कोणी जातं का

आई: सकाळी दिसल्या होत्या दळणाला

मोठी आत्या (चोपडा): सकाळचं सोड, आत्ता कोण बघून येतं

नाना: निघालो

नाना: जाऊन आलो. दार आतून लावलेलं, हाका मारल्या, उठल्या. बोलतायत नीट, घाम आहे अंगाला. दुपारपासून लाईट नाही त्यांच्याकडे आणि माठ कोरडा, नळ चार दिवसांनी येतो म्हणून पाणी पुरवून पीत होत्या. दोन हंडे भरून ठेवले. रात्री आपल्या ओट्यावर झोपायला येतात, हो म्हणाल्या. उद्या पत्र्यावर कपाशीच्या पराट्या टाकायच्यात, दोन पोरं पाठवा सकाळी सातच्या आत