जवानांच्या पट्ट्यात लिनक्स: सोर्स कोड नक्की कोणाला द्यायचा?

प्रश्न: भोसरीची फर्मवेअरवाली

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहिते. जवानांनी छातीला बांधायचा पट्टा बनवतोय. हृदयाचे ठोके, त्वचेचं तापमान आणि हालचाल यांवरून थकवा ओळखायचा. सेन्सरच्या बोर्डावर झेफर ही छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम, मुख्य बोर्डावर योक्टो या साधनाने बांधलेलं लिनक्स. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा, सेन्सर चालवणारा ड्रायव्हर आमचा, थकव्याचा अल्गोरिदमही आमचाच. विक्रीवाले म्हणतात, लिनक्सचा परवाना जीपीएल, म्हणजे सगळा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम) गिटहबवर जगासमोर टाकावा लागणार, लष्कर दारात उभं करणार नाही. दुसरा गट म्हणतो, लष्कराचं काम आहे, विचारतंय कोण? मला दोन्ही पटत नाही.

उत्तर: योक्टोकाका

दोन्ही पटत नाही हे बरोबरच आहे. दुसऱ्या गटाला आधी थांबवा. लष्कर हे गिऱ्हाईक आहे, आणि परवान्याने गिऱ्हाइकाला दिलेले हक्क त्यालाही आहेत.

आता विक्रीवाल्यांची भीती. जीपीएल तुम्हाला जगापुढे कोड मांडायला लावत नाही. बायनरी, म्हणजे यंत्रावर चालणारा तयार प्रोग्राम, ज्याला दिली त्याला सोर्स द्यायला लावतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १६ ऑक्टोबर २००९ च्या परिपत्रकात हाच गैरसमज दूर केला होता. ते त्यांना वाचायला द्या.

कर्नल जीपीएलच्या आवृत्ती २ खाली आहे. विकणाऱ्याला कलम ३ दोन पर्याय देतं: बायनरीसोबतच सोर्स द्या, नाहीतर किमान ३ वर्षं चालणारी लेखी हमी द्या. एक कागद टाकला की सुटलो, म्हणून बरेच जण हमी देतात. पण ती हमी कोणत्याही तिसऱ्या माणसाला लागू असते. म्हणजे ज्याचा या पट्ट्याशी काही संबंध नाही तोही ड्रायव्हरचा सोर्स मागू शकतो. म्हणून खेपेसोबतच सोर्स द्या, बांधणीच्या स्क्रिप्टसकट, आणि पोच घ्या.

ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे तर तो जीपीएलच धरा. अल्गोरिदम युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर वेगळा प्रोग्राम म्हणून ठेवा. नेहमीच्या सिस्टिम कॉलने कर्नलची सेवा घेणारे प्रोग्राम जीपीएलखाली येत नाहीत, असं कर्नलच्या परवान्यासोबत स्पष्ट लिहिलेलं आहे. झेफर अपाची २.० खाली आहे. परवान्याची प्रत आणि नोटिसा सोबत ठेवा.

करारात दोन ओळी शोधा. "सॉफ्टवेअर पुढे कोणालाही देऊ नये" ही ओळ जीपीएलच्या भागाला लावता येत नाही, कलम ६ जादा बंधनं घालू देत नाही. लष्कर तो कोड आपणहून गुप्त ठेवेल, तो त्यांचा अधिकार. दुसरी ओळ रिव्हर्स इंजिनिअरिंगला (तयार प्रोग्राम उलगडून आत काय आहे ते बघण्याला) सरसकट बंदी घालणारी. तुमचा प्रोग्राम जीलिबसी या लिनक्सवरच्या मूलभूत लायब्ररीला जोडलेला असणार. ती एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली आहे, आणि गिऱ्हाइकाला स्वतःपुरते बदल करून ते डिबग करण्यासाठी तेवढी मोकळीक द्यावीच लागते.

हे सगळं मी केवळ कायद्यासाठी सांगत नाही. पट्टा वर्षानुवर्षं वापरात राहील, कंपनी राहील की नाही कोण सांगणार? ड्रायव्हरमधला दोष तेव्हा कोणाला तरी दुरुस्त करता आला पाहिजे. तो पट्टा जवानाच्या अंगावर आहे.

भोसरीची फर्मवेअरवाली

आभार, काका. सिक्युअर बूट आहे, आमच्या डिजिटल सहीशिवाय इमेज (सॉफ्टवेअरचा पूर्ण गठ्ठा) पट्ट्यावर चढत नाही. आणि इमेजमध्ये बॅश हे शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) सापडलं, ते जीपीएल ३ खाली. मग सहीच्या किल्ल्या द्यायच्या का?

उत्तर: परवाना वाचणारी

बदललेली आवृत्ती चढवण्यासाठी लागणारी माहिती, किल्ल्यांसकट, आवृत्ती ३ चं कलम ६ मागतं. पण फक्त ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी, म्हणजे वैयक्तिक किंवा घरगुती वापराच्या. निव्वळ लष्करासाठी घडवलेला पट्टा माझ्या मते त्यात बसत नाही. मात्र बाजारातलं स्पोर्ट्स घड्याळ पलटणीला दिलं, तरी ते ग्राहकोपयोगीच राहतं. शंका असेल तर कौल ग्राहकाच्या बाजूने, असं तिथेच लिहिलंय. हाच पट्टा पुढे सह्याद्रीतल्या ट्रेकर्सना विकायचा विचार आहे का? असेल तर आजच ठरवा.

योक्टोकाका

बॅशची गरज नसेल तर काढाच. बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचं शेल पुरतं, ते आवृत्ती २ खाली आहे. योक्टोच्या 'इन्कम्पॅटिबल लायसन्स' या व्हेरिएबलमध्ये जीपीएल ३ टाका, तसं पॅकेज पुन्हा शिरलं तर बिल्डच अडेल. मग इमेजच्या परवान्यांची मॅनिफेस्ट फाइल (कोणतं पॅकेज कोणत्या परवान्याखाली, ती यादी) इथे टाका, कंपनीचं नाव काढून. एकेक ओळ सोबत बघू.