शब्दचर्चा : ‘लीगल टेंडर’, ‘चलन’ आणि ‘कूटचलन’

दादरहून विचारणा

एखादा देश क्रिप्टोकरन्सीला आपले राष्ट्रीय चलन करू शकतो का, या विषयावरचा एक लेख मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि मी पहिल्याच परिच्छेदात अडलो आहे. एल साल्वाडोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला ‘लीगल टेंडर’ केले, या वाक्याला संगणकाने ‘कायदेशीर निविदा’ असा प्रतिशब्द सुचवला, तेव्हा बांधकाम खात्याची जाहिरात डोळ्यांपुढे उभी राहिली. ‘कायदेशीर चलन’, ‘वैध चलन’, ‘विधिग्राह्य चलन’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? शिवाय क्रिप्टोकरन्सीला वृत्तपत्रांत ‘आभासी चलन’ म्हणतात, तर काही जण ‘कूटचलन’ लिहितात. या दोहोंत अधिक बरा कोणता?

मुलुंडहून

माझी सारी नोकरी बँकेत गेली असल्यामुळे कायद्याच्या बाजूने लिहितो. ‘विधिग्राह्य’ घ्यावे. ‘टेंडर’चा इथला अर्थ ‘देणे फेडण्यासाठी पुढे करणे’ असा आहे, आणि ऋणकोने पुढे केलेली जी गोष्ट फेड म्हणून कायद्याने ग्राह्य ठरते, ती विधिग्राह्य. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २६ प्रमाणे प्रत्येक बँकनोट भारतात कोठेही तिच्यावरील रकमेइतकी विधिग्राह्य असते आणि केंद्र सरकार तिची हमी देते. नाण्यांना मात्र मर्यादा आहे. नाणेविषयक कायदा, २०११ प्रमाणे एक रुपया व त्यावरील किमतीची नाणी हजार रुपयांपर्यंतच विधिग्राह्य आहेत, म्हणजे दीड हजाराचे देणे कोणी पिशवीभर सुट्ट्या नाण्यांत फेडू लागला, तर घेणारा कायद्याच्या आधाराने नाही म्हणू शकतो.

‘चलन’ ही गोष्ट याहून वेगळी आहे. दहा रुपयांचे नाणे पूर्णपणे विधिग्राह्य असूनही आमच्या स्थानकाबाहेरच्या एका भाजीवाल्याने ते माझ्याकडून घेतले नाही, ‘हे चालत नाही, काका’ एवढेच तो म्हणाला. या नाण्याच्या सगळ्या १४ नक्षी ग्राह्य आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने २०१८ साली केलेला होता, पण तो भाजीच्या टोपलीपर्यंत कसा पोहोचावा? उलट सुट्ट्यांऐवजी वाणी हातावर ठेवतो ती गोळी कोणत्याही कायद्याने ग्राह्य नाही आणि तरीही बिनतक्रार चालते. ‘चलन’ शब्दात ‘चलणे’ आहे, आणि ते लोकांच्या हातात असते.

पार्ल्याहून

मुलुंडकरांच्या मुद्द्याला एक जोड देते. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे एल साल्वाडोरचा तो कायदा मुळातून वाचला आहे. त्यात ‘कुर्सो लेगाल’ असा शब्दप्रयोग आहे, आणि ‘कुर्सो’ म्हणजे धाव, ओघ. इंग्रजी ‘करन्सी’सुद्धा लॅटिनमधल्या धावण्याच्या धातूवरूनच आली आहे. आपले ‘चलन’ आणि त्यांचे ‘कुर्सो’ एकाच कल्पनेवर उभे आहेत, हे मला फार सुंदर वाटते. त्याच वाक्यात पुढे ‘पोदेर लिबेरातोरियो’ असे पद येते, म्हणजे ऋणातून मोकळे करण्याची शक्ती. मुलुंडकर ज्याला विधिग्राह्यता म्हणतात, तिचे सार या दोन शब्दांत आहे. मराठीत त्याला ‘ऋणमोचक शक्ती’ म्हणता येईल.

मात्र त्या कायद्याची कलमे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. कलम ७ प्रमाणे विक्रेत्याने बिटकॉइन स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन होते. हे नेहमीच्या विधिग्राह्यतेच्या बरेच पुढचे आहे, कारण तिचा संबंध मुख्यतः आधीच झालेल्या देण्याशी असतो. कलम १२ ने ज्यांच्याकडे तंत्रसाधने नाहीत त्यांना यातून वगळले. आणि कलम ६ म्हणते, की हिशेबाच्या कामी संदर्भ अमेरिकी डॉलरचाच राहील. म्हणजे ज्याने देणे फेडायचे ते एक नाणे आणि ज्यात देणे मोजायचे ते दुसरे. अशा वस्तूला ‘राष्ट्रीय चलन’ म्हणायला माझी लेखणी तयार होत नाही.

पुढे काय झाले, तेही आपल्या लेखात यायला हवे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी डिसेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाची बोलणी ठरली आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून स्वीकार ऐच्छिक झाला. बिटकॉइनमध्ये कर भरण्याची मुभाही काढून घेतली गेली. सरकार स्वतःच्या करापोटी जे घेत नाही, ते देशाचे चलन कसे म्हणावे?

माटुंग्याहून

‘कूटचलन’ हा शब्द कृपया वापरू नये. ‘कूटलेखन’, ‘कूटप्रश्न’ यांत कूट म्हणजे गूढ, हे खरे, आणि शब्द घडवणाऱ्यांच्या मनात तोच अर्थ होता. परंतु संस्कृतात कूट म्हणजे खोटे, बनावट, असाही जुना आणि रुळलेला अर्थ आहे. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. अर्थशास्त्रात कौटिल्याने ‘कूटरूपकारक’ म्हणून ज्याला पकडायला सांगितले आहे, तो खोटी नाणी पाडणारा. तिथे ‘रूप’ म्हणजे नाणे, आणि नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. आपला रुपयाही त्याच कुळातला. तेव्हा ‘अमुक देशाने कूटचलन स्वीकारले’ हे वाक्य एखाद्या शास्त्रीबुवांनी वाचले, तर त्या देशाने खोट्या नाण्यांचा कारखाना काढला, असेच ते समजतील. (शेंगदाण्याच्या कुटाचा विनोद आमच्या घरी आधीच होऊन गेला आहे.)

‘आभासी’ही नेमके नाही. भासते पण नसते, तो आभास. बँकखात्यातला माझा रुपया तरी कुठे हाताला लागतो? शिवाय रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया, ज्याची किरकोळ व्यवहारांसाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली, तोही कागदाविना आहे आणि तरीही विधिग्राह्य आहे. भेद वस्तू दिसते की नाही हा नसून ती कोणी काढली आणि तिच्यामागे कोण उभे आहे, हा आहे. जपान्यांनी हा पेच सरळ सोडवला. त्यांच्या कायद्यात आधी ‘कासो त्सूका’, म्हणजे आभासी चलन, असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो जाऊन ‘अंगो शिसान’, म्हणजे सांकेतिक मत्ता, असा आला. आपल्या २०२२ च्या वित्त कायद्यानेही ‘चलन’ टाळून ‘मत्ता’च म्हटले, तिच्या व्याख्येतून भारतीय आणि परकीय चलन वगळले आणि नफ्यावर ३० टक्के कर लावला. मी ‘सांकेतिक मत्ता’ लिहीन, किंवा सरळ ‘क्रिप्टो’.

गिरगावातून

मंडळी, जुन्या सराफकट्ट्यावरचा एक शब्द आपण विसरलो : बट्टा. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकच रुपया लागू करण्यापूर्वी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, सुरती असे किती तरी रुपये चालत होते. एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ जी तूट कापून घेई, तो बट्टा. नावाला बट्टा लागतो, तो याच व्यवहारातून. दोन नाणी शेजारी शेजारी चालवायची आणि त्यांचा भाव रोज हलता ठेवायचा, म्हणजे प्रत्येक दुकानदाराला सराफ करायचे. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात होता आणि वर्षभराने १६ हजारांच्या खाली होता. एवढा बट्टा सोसून पगार कोण घेईल आणि घरभाड्याचा करार कोण करील?

मूळ प्रश्नाबद्दल. ‘करू शकतो का’ याचे उत्तर कायद्यापुरते ‘हो’ असेच आहे, कारण विधिग्राह्य कशाला म्हणायचे, ते विधिमंडळ ठरवते. पण ज्यांनी हे केले किंवा करू पाहिले, त्यांची यादी बघा. एल साल्वाडोर २००१ पासून डॉलर वापरतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने एप्रिल २०२२ मध्ये तसा कायदा केला आणि वर्षभरात मागे घेतला. तिथला फ्रँक सहा देशांची सामाईक बँक काढते. मार्शल बेटांनी २०१८ मध्ये स्वतःच्या क्रिप्टो नाण्याचा कायदा केला, तिथेही डॉलरच चालतो. स्वतःची टांकसाळ आणि स्वतःची मध्यवर्ती बँक पूर्ण अधिकाराने चालवणारा एकही देश या यादीत नाही. ज्याच्या हातून चलनाची सूत्रे आधीच गेली होती, त्यानेच ती बिटकॉइनच्या एकूण २ कोटी १० लाख नाण्यांच्या ठरीव मर्यादेवर सोपवायची तयारी दाखवली. संकटात बँकांना पैसा पुरवायचा, चलन कमीजास्त करायचे, ही कामे त्या मर्यादेत करताच येत नाहीत. त्यामुळे लेखाच्या मथळ्यातल्या ‘राष्ट्रीय चलन’ या शब्दांपाशी वाचकाला थांबवावे, असे मला वाटते.

दादरहून

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘एल साल्वाडोरने बिटकॉइनला विधिग्राह्य ठरवले, पण हिशेब डॉलरमध्येच ठेवले.’ ‘चलन’ शब्द पहिल्या परिच्छेदातून काढला. बट्ट्याचा दाखला टीप म्हणून जोडावा, असे संपादकांना सुचवणार आहे. आता शेवटची एक शंका : तो बिटकॉइन की ते बिटकॉइन?

गिरगावातून

नाणे म्हणून लिहीत असाल तर ‘ते’. माझ्या नातवाच्या तोंडी ‘तो’ आहे आणि मीही वर नकळत ‘तो’ धरूनच लिहिले आहे, हे आत्ता लक्षात आले.