व्यायाम आणि साखर : मोजून लिहा

"चालायला लागा, साखर आपोआप उतरेल." मधुमेह निघाला की पहिला सल्ला हाच मिळतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण जलद चालून साखर ६०ने उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी वजनं उचलतो तेव्हा तीच साखर ४०ने चढते, आणि मग तो मीटरलाच नावं ठेवतो. मंचावरचा हा धागा अशा घोळांसाठी आहे. प्रत्येक टिपणाच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचं टोपणनाव आहे. आत्मचरित्र नको. औषध कोणतं, व्यायाम कोणता, शेवटचं खाणं किंवा इंजेक्शन किती वेळापूर्वीचं, आणि आकडे काय, एवढं लिहा. आकडे मिग्रॅ./डेसिलीटरमध्ये. औषधाचा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायचा. इथली टिपणं घेऊन त्यांच्यासमोर बसा.

साखरमोजणी
आधी यंत्रणा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. स्नायू काम करायला लागला की त्याच्या पेशींमधले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात. या कामाला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. म्हणूनच इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला नीट न जुमानणं) असणाऱ्यांनाही चालण्याचा फायदा होतो. त्याच वेळी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत असतं. मधुमेह नसलेल्या शरीरात व्यायाम सुरू होताच स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं, यकृताला वाट मोकळी होते आणि हिशोब जुळतो. टोचलेलं इन्सुलिन असं मागे घेता येत नाही. ते यकृताला दाबून धरतं, स्नायू ओढतच राहतात, आणि हायपो होतो, म्हणजे साखर ७०च्या खाली जाते.

मोजायचं कधी? सुरुवातीच्या अर्धा तास आधी आणि पुन्हा अगदी सुरू करताना. एकाच आकड्यावरून दिशा कळत नाही. १३० स्थिर असेल तर निघा. अर्ध्या तासात १७०वरून १३०वर आलेली असेल तर आधी खा. लांबचा व्यायाम असेल तर मध्ये दर ३० मिनिटांनी, मग संपल्यावर आणि झोपताना. झोपतानाचं मोजमाप सगळ्यात जास्त चुकवलं जातं.

पळतभुई (टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही; इन्सुलिनचं पेन)
धावण्यापूर्वीच्या पायऱ्या अशा:
९०च्या खाली : १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या, ९०च्या वर येईपर्यंत थांबा.
९० ते १२५ : १० ग्रॅम घेऊन सुरुवात.
१२५ ते १८० : सरळ निघा.
१८० ते २७० : निघायला हरकत नाही, वाढत तर नाही ना एवढं बघा.
२७०च्या वर : आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं) मोजा.

रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल/लिटर किंवा जास्त असतील तर व्यायाम नाहीच. ०.६ ते १.४ असतील तर आधी कारण शोधून ते निस्तरा. घाम गाळून ही साखर उतरवू म्हणणारे इथेच फसतात. शरीरात इन्सुलिनच पुरेसं नसेल तर यकृत साखर सोडत राहतं, चरबी जळून कीटोन वाढतात, आणि व्यायाम त्यात तेल ओततो. मात्र नुकतं जेवण झालंय, डोस थोडा कमी पडलाय आणि कीटोन ०.६च्या खाली आहेत, तर हलकं चालणं चालेल.

जेवणानंतर दोनेक तासांच्या आत धावायचं असेल तर त्या जेवणाचा डोस आधीच कमी करायचा असतो. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी ढोबळ माप: हलका असेल तर २५ टक्के, मध्यम ५०, जोराचा ७५. डोस पूर्ण घेऊन बसला असाल तर मग खाऊनच भागवावं लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. वजन कमी करायला धावणाऱ्याला हे परवडत नाही. त्याने आदल्या डोसकडेच बघावं. आणि धावण्याआधीचं इंजेक्शन मांडीत नको. त्या पायाचं रक्ताभिसरण वाढतं आणि इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषलं जातं.

पंपावरून
इन्सुलिन पंपवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे बूट घालता घालता बेसल (दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) कमी करणं. आधी गेलेलं इन्सुलिन तासभर तरी काम करत राहतं, त्यामुळे कपातीचा परिणाम व्यायाम संपताना दिसतो आणि साखर उलट नंतर चढते. कपात ६० ते ९० मिनिटं आधी करा, ५० ते ८० टक्के. पंप काढून ठेवायचा असेल तर तासभर, फार तर दोन. त्यापुढे कीटोनचा धोका.

आपोआप डोस देणाऱ्या पंपात व्यायामासाठी साखरेचं वाढीव लक्ष्य एक-दोन तास आधी लावा. त्यावर लागणारं ग्लुकोज मात्र सुरुवातीच्या ५-१० मिनिटं आधी घ्या. अर्धा तास आधी खाल्लं तर पंपाला साखर चढताना दिसते, तो इमानदारीने इन्सुलिन सोडतो आणि नेमकं नको तेव्हा ते अंगात असतं.

वजनदार
चढणाऱ्या साखरेबद्दल. जड वजनं, छोट्या स्प्रिंट, अटीतटीचा सामना यांत अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि यकृत स्नायूंच्या मागणीपेक्षा जास्त साखर सोडतं. ही वाढ बिघाड नव्हे. बऱ्याचदा ती एक-दोन तासांत आपली आपण उतरते. तिच्यावर लगेच पूर्ण करेक्शन (चढलेली साखर उतरवायचा जादा डोस) मारलं तर व्यायामानंतर वाढलेली इन्सुलिनची संवेदनशीलता आणि तो डोस एकत्र येतात, आणि हायपो होतो. आधी १०-१५ मिनिटं सावकाश चाला. तरी उतरली नाही तर नेहमीच्या करेक्शनच्या निम्म्यावर थांबा, आणि झोपायच्या तोंडावर तेही जपून.

याच गोष्टीचा उपयोगही होतो. एकाच दिवशी वजनं आणि धावणं दोन्ही असेल तर टाइप १वाल्यांनी वजनं आधी घ्यावीत. धावताना साखर कमी घसरते. श्वास कोंडून वजन उचलू नका. डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजनं आणि उड्या बंदच. डोळे तपासून घेतल्याशिवाय या प्रकारात पडूच नये.

गोळीवाला (टाइप २)
वरचं वाचून घाबरू नका, सगळ्यांना सगळं लागू नाही. फक्त मेटफॉर्मिनवर किंवा सिटाग्लिप्टिनसारख्या गोळीवर असाल तर चालण्याने हायपो होणं विरळा. आधी काही खायची गरज नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांची गोष्ट वेगळी. या गोळ्या स्वादुपिंडाला साखर कमी असतानाही इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी घेतली, जेवण लांबलं आणि मध्ये तासभर चालणं झालं, हे तिघं एकत्र येऊ देऊ नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांनी पाणी कमी पडू देऊ नये. लांब उपाशी व्यायामानंतर मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर साखर २००च्या आत असली तरी कीटोन तपासा. साखर बरी दिसते म्हणून हे कीटोनचं प्रकरण हमखास उशिरा लक्षात येतं.

बीटा ब्लॉकर (रक्तदाब, हृदयासाठीच्या गोळ्या) घेणाऱ्यांना हायपोत धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. आता व्यायामात घाम येणारच! म्हणून त्यांनी अंदाज न बांधता मोजावं.

साखरमोजणी
सेन्सरवाल्यांसाठी (अंगाला चिकटवून सतत साखर मोजणारं यंत्र) भर. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. एरवी हा फरक ५-१० मिनिटांचा, पण साखर वेगाने उतरत असताना वाढतो. धावताना पडद्यावर ८५ आणि खाली बाण असेल तर बोटाला ७०च्या खाली असू शकते. बाण खाली असेल तर ७०ची वाट बघू नका. उलट ग्लुकोज घेतल्यावर सेन्सर उशिरा वर येतो, आणि तेवढ्यात लोक दुप्पट खाऊन बसतात. ७०च्या खाली १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चार लहान चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी बोटातून तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो.

पायपीट
टाइप २साठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं. जेवल्यानंतरची साखर साधारण तास-दीड तासात शिखराला जाते, तिच्या आधीच निघा. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही. ही दोन दिवसांची अट उगीच नाही: व्यायामाने वाढलेली इन्सुलिनची संवेदनशीलता एक ते तीन दिवसांत ओसरते. रविवारी एकदम अडीच तास चालून आठवडा भरून निघत नाही.

पायाची संवेदना कमी असेल तर बुटात हात घालून खडा, शिवण, मुडपलेलं अस्तर बघा, आणि आल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या. फोड असेल तर तो बरा होईपर्यंत चालणं बंद, खुर्चीतला किंवा हातांचा व्यायाम चालू. नसांच्या बिघाडात नाडीचे ठोकेही नीट वाढत नाहीत. तेव्हा घड्याळावर विसंबू नका. बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम वेग.

पळतभुई
रात्रीचं राहिलं. रिकामे झालेले स्नायू साठा भरायला तासन् तास साखर ओढत राहतात, म्हणून संध्याकाळच्या लांब व्यायामानंतर हायपो मध्यरात्री किंवा पहाटे येतो. डॉक्टरांनी तसं ठरवून दिलं असेल तर त्या रात्रीचं बेसल सुमारे २० टक्के कमी. झोपताना आकडा खालच्या बाजूला असेल तर कर्बोदकांबरोबर थोडी प्रथिनं असलेलं काही खा, आणि सेन्सरचा इशारा नेहमीपेक्षा वर लावा. मद्य त्या रात्री नको, कारण ते यकृताला नवी साखर बनवू देत नाही. ग्लुकागॉनही (हायपोत साखर चढवणारं आणीबाणीचं इंजेक्शन) यकृतातल्या साठ्यावरच चालतं. तो साठा व्यायामाने संपलेला असेल तर इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा: माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन द्यायचं आणि त्याच्या परिणामाची वाट न बघता लगेच रुग्णवाहिका बोलवायची.